सोलापुरात राहून पर्यावरण नि सामाजिक न्यायाचं काम करायचंय? आधी पोच घ्यायला शिका

बरीच पोरं विचारतात की हे काम करिअर म्हणून जमतं का आणि त्यासाठी पुण्या-मुंबईलाच जावं लागतं का. नाही ओ, इथं विषयांना काय तोटा आहे, नळाला रोज न येणारं पाणी, डाईंगचं म्हणजे कापड रंगवण्याचं रंगीत सांडपाणी, नान्नजचा माळढोक पक्षी, घरात तंबाखूची धूळ खात विड्या वळणाऱ्या बायका. फक्त सगळं एकदम उचलू नका, एकच विषय धरा नि वर्षभर सोडू नका.

डिग्री लागतेच असं नाही. शिकायचंच असेल तर टाटा इन्स्टिट्यूटचं तुळजापूर कॅम्पस जवळच आहे, पण माझं विचाराल तर एलएलबी जास्त कामाला येते.

शहराच्या पूर्व भागात बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडं कन्नड, तेव्हा मोडकंतोडकं तरी शिका. आणि विडीची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबानं मिळते, म्हणजे तुम्ही भर दुपारी सर्व्हेचा फॉर्म घेऊन बसलात की त्या बाईची मजुरी बुडते, म्हणून तिचे हात चालू राहू द्या, फॉर्म तुम्हीच भरा.

आता कागद, खरं काम इथंच आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 150 शब्दांची मर्यादा आणि विषय एकच. "प्रदूषण का होतंय" असं विचारलंत की हात हलवत परत याल, कारण मत देणं सरकारी कार्यालयाला बंधनकारक नाही, त्यापेक्षा "अमुक कारखान्याच्या संमतीपत्राची (म्हणजे प्रदूषण मंडळाच्या परवानगीची) प्रत आणि गेल्या 2 वर्षांतले तपासणी अहवाल" असं नेमकं मागा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील टाका. आवक-शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, साहेब जेवायला गेलेत म्हणाले तरी.

मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी असली की 30 दिवस आधी पेपरात नोटीस येते, पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा सारांश मराठीतही ठेवावा लागतो. माईकवर ओरडणारे खूप असतात, तुम्ही लेखी हरकत द्या आणि शेवटी कामकाजाचा सारांश वाचतात तेव्हा आपला मुद्दा आलाय का ते कान देऊन ऐका, बरेच जण तोवर चहाला गेलेले असतात. पर्यावरणाचे खटले चालवणारा हरित लवाद पुण्यात आहे, तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून साधारण 6 महिन्यांच्या आत तिथं जावं लागतं, म्हणून फोटो काढला की तारीख लिहून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला कमीच. भाषांतर, सर्व्हे, क्लास असं काहीतरी जोडीला ठेवा, पण ज्याच्या विरोधात अर्ज टाकलाय त्याच्याच सीएसआरचा (कंपनीच्या समाजकार्याच्या निधीचा) चेक घेऊ नका.

आणि तक्रारीत कुठल्या बाईचं नाव टाकायच्या आधी तिला विचारा, कारण उद्यापासून विड्यांसाठी पानं-तंबाखू मिळणं बंद झालं तर नुकसान तिचं होतं. ती नको म्हणाली तर अर्ज स्वतःच्या नावानं टाका.