घरच्या घरी पहिले टॅपेट सेटिंग: या चुका टाळा

गोव्यातील फोंडा, डिचोली, पेडणे या भागांत अजूनही पुष्कळ घरांसमोर मारुती 800 किंवा ओम्नी उभी दिसते आणि तिचे टॅपेट घरी सेट करण्याची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधले बारीक अंतर मापाप्रमाणे करण्याची, इच्छा मालकाला कधी ना कधी होतेच. 796 सीसीच्या त्या जुन्या तीन सिलिंडरच्या इंजिनात रॉकरच्या टोकाला स्क्रू आणि तो जागी घट्ट धरणारा लॉकनट असल्यामुळे हे काम पाने आणि फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचे माप) एवढ्यावर होते. अलीकडच्या अनेक इंजिनांत मात्र अंतर आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात किंवा वेगळ्या जाडीचे टॅपेट बदलून अंतर जुळवावे लागते, म्हणून कव्हर उघडण्यापूर्वी आपल्या गाडीचे मॅन्युअल पाहावे.

सर्वांत महागात पडणारी चूक समजुतीची असते. टॅपेटचा टिकटिक आवाज पूर्ण बंद झाला म्हणजे काम उत्तम झाले, असे नवख्याला वाटते आणि तो अंतर मापापेक्षा कमी ठेवतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची (जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या) बरीचशी उष्णता तो बंद असताना सीटमार्फत, म्हणजे तो जिथे टेकतो त्या कडेतून, इंजिनाच्या हेडमध्ये जाते. अंतर फारच कमी असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही, तेथून तप्त वायू निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. सैल टॅपेट आवाज करून आपली तक्रार सांगतो, घट्ट टॅपेट मात्र गप्प राहून नुकसान करतो. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो आणि अंतर आपोआप कमी होत जाते. त्यामुळे आवाज नाही म्हणून अशा गाडीचे टॅपेट वर्षानुवर्षे न तपासणे योग्य नव्हे.

मॅन्युअलमधील माप थंड इंजिनाचे आहे की गरम इंजिनाचे, हे वाचले पाहिजे, कारण काही इंजिनांसाठी दोन्ही आकडे वेगवेगळे दिलेले असतात. इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे आणि काम सकाळीच उरकावे; मे महिन्यात दुपारपर्यंत उन्हात तापलेल्या इंजिनाला थंड म्हणता येत नाही. टॅपेट कव्हरचे पॅकिंग आदल्या दिवशीच आणून ठेवावे. आपल्याकडे दुपारी दुकाने बंद, रविवारी तर बहुतेक दिवसभर बंद, आणि जुने कडक झालेले पॅकिंग परत बसवले की एक्झॉस्टवर ऑईल ठिबकून धुराचा वास येतो. चवथीला गावी निघण्याच्या आदल्या दिवशी हे काम काढूच नये.

आता मुख्य अडचण. क्रँकच्या टोकावरील पुलीची खूण जुळली म्हणजे पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर (पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आला, असे गृहीत धरले जाते. ही खूण क्रँकच्या प्रत्येक फेरीला जुळते, पण कॉम्प्रेशन दोन फेऱ्यांतून एकदाच येते. दोन्ही रॉकर हाताने किंचित हलत असतील तर स्थिती बरोबर आहे. एक व्हॉल्व्ह मिटण्याच्या आणि दुसरा उघडण्याच्या बेतात असेल तर आणखी एक पूर्ण फेरी द्यावी. येथे दुसरी गफलत होते: चार सिलिंडरच्या इंजिनाची रीत पाहून तीच तीन सिलिंडरला लावली जाते. चार सिलिंडरमध्ये पहिला कॉम्प्रेशनवर असताना चौथ्याचे व्हॉल्व्ह अदलाबदलीच्या स्थितीत (एक मिटत, दुसरा उघडत) असतात, त्यामुळे दोन टप्प्यांत सर्व टॅपेट होतात. मारुती 800 मध्ये फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-2 असून प्रत्येक सिलिंडर 240 अंशांनी येतो. म्हणून पुलीवर समान अंतरावर खडूच्या तीन खुणा कराव्यात, पहिला सिलिंडर झाल्यावर इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने दोन खुणा पुढे जावे आणि तिसरा करावा, पुन्हा दोन खुणा पुढे जाऊन दुसरा करावा. पहिला म्हणजे टायमिंग बेल्टकडचा. क्रँक पुलीच्या बोल्टवरच पाना लावावा, आणि प्लग काढले तर इंजिन सहज फिरते. मात्र प्लग काढण्यापूर्वी त्यांच्याभोवतीची तांबडी माती ब्रशने आणि हवेने साफ करावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

फिलर गेजचे पाते स्क्रूचे टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये सरळ घालावे. वाकलेले पाते चुकीचा अंदाज देते. वहीच्या दाबलेल्या पानांतून कागद ओढताना जाणवतो, तेवढाच हलका अटकाव जाणवला पाहिजे. यानंतर लॉकनट आवळताना स्क्रू जरा फिरतो आणि अंतर बदलते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. स्क्रू स्क्रूड्रायव्हरने धरून नट आवळावा, मग पाते पुन्हा घालून पाहावे. ठरलेल्यापेक्षा थोडे जाड पाते शिरले नाही आणि पातळ पाते सहज सरकले तर माप बरोबर आहे. नट नेट लावून आवळल्यास आटे जातात. येथे ताकदीचे काही काम नाही.

इंजिन सुरू केल्यावर कार्ब्युरेटरमधून फटका येत असेल तर इनटेक व्हॉल्व्हचा (मिश्रण आत घेणारा) टॅपेट घट्ट राहिल्याची शक्यता प्रथम तपासावी. सायलेन्सरमधून फटफट येत असेल आणि एक सिलिंडर नीट पेटत नसेल तर एक्झॉस्टकडे पाहावे. दोन्ही वेळा इंजिन पुन्हा थंड करून माप घ्यावे, अंदाजाने अर्धा वळसा सैल करू नये. माप बरोबर असूनही एकाच जागी खटखट कायम असेल तर स्क्रूच्या टोकाला किंवा दांडीवर खड्डा पडला आहे का ते पाहावे: सपाट पाते त्या खड्ड्यावरून जाते, त्यामुळे खरे अंतर मोजलेल्यापेक्षा जास्त असते आणि तो खराब झालेला भाग बदलल्याशिवाय आवाज जात नाही.