जुन्या सी प्रकल्पात रस्ट: पहिला पॅच पाठवण्याआधी

सी-डॅकचा डीईएसडी हा एम्बेडेड सिस्टिम्सचा डिप्लोमा करून बाहेर पडलेली किंवा पुण्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेली मुलं हमखास विचारतात: सी येतं, आता रस्ट शिकलो तर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, काही करता येईल का? येईल. पण मेमरीच्या बऱ्याच चुका कंपाइल करतानाच पकडणारी रस्ट ही भाषा शिकणं हा त्यातला सोपा भाग आहे. जुन्या प्रकल्पात गाडं अडतं ते दोन भाषांच्या सांध्यावर. तिथला कोड कशाने बिल्ड होणार, आणि सीच्या बाजूने काही बदललं की कोण निस्तरणार, यावर सगळं ठरतं.

फायरफॉक्सने २०१६मध्ये ४८व्या आवृत्तीत रस्ट आणलं ते फक्त एमपी४ वाचणाऱ्या पार्सरपुरतं. निवड अचूक होती: बाहेरून आलेल्या बाइट्सवर काम करणारा कोड, आणि बाकीच्या ब्राउझरशी त्याचा संबंध मोजक्या फंक्शनांपुरता. कर्ल या सीमधल्या डाउनलोडच्या साधनाचं उलट झालं. हायपर ही रस्टमधली एचटीटीपी लायब्ररी जोडायचं काम जवळपास होत आलं होतं, पण उरलेलं पूर्ण करायला सी आणि रस्ट दोन्ही जाणणारं कोणी पुढे आलं नाही, वापरणाऱ्यांकडूनही मागणी नव्हती. डिसेंबर २०२४मध्ये ते काढून टाकायचं ठरलं. पायथॉनच्या क्रिप्टोग्राफी पॅकेजचा घोळ आणखी वेगळा. फेब्रुवारी २०२१मध्ये ३.४ आवृत्तीला बिल्डसाठी रस्ट लागायला लागलं आणि अल्पाइन या छोट्या लिनक्सवरचे कित्येकांचे डॉकर बिल्ड कोसळले, कारण तिथे आधीच बिल्ड केलेलं पॅकेज (व्हील) मिळत नव्हतं आणि कंपायलरही नव्हता. कोडमध्ये दोष नव्हता, तरी लोक चिडले.

आता कर्नल. रस्टचा पाया ६.१ आवृत्तीत, डिसेंबर २०२२मध्ये आला. मशीनवर क्लँग-एलएलव्हीएम हा सीचा कंपायलर, रस्टचा कंपायलर, त्याचा ‘रस्ट-एसआरसी’ हा घटक आणि बाइंडजेन एवढं हवं. रस्ट-एसआरसी लोक विसरतात. कर्नल रस्टची ‘कोअर’ लायब्ररी स्वतः कंपाइल करतो, म्हणून तिचा सोर्स लागतो. बाइंडजेन सीच्या हेडर फाइली वाचून त्यांची रस्टमधली रूपं बनवतो. सगळं बसवलं की बिल्ड चालवणाऱ्या मेकला ‘रस्टअव्हेलेबल’ हे टार्गेट द्या. काय कमी आहे ते तोच सांगतो. क्लँगने बिल्ड करायला सांगणारं ‘एलएलव्हीएम=१’ मात्र प्रत्येक मेक कमांडला द्या. एकदा दिलं आणि पुढच्या वेळी विसरलात तर कंपायलर बदलल्याचं धरून सगळा कर्नल पुन्हा बिल्ड होत बसतो.

सर्वांत जास्त वेळ खाणारी अडचण म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायच्या मेन्यूकॉन्फिगमध्ये ‘रस्ट सपोर्ट’ हा पर्यायच न दिसणं. कर्नलचा सोर्स जुना आहे समजून मुलं पुन्हा क्लोन करतात, हॉस्टेलच्या वायफायवर कित्येक जीबी ओढतात. कारण बहुधा साधं असतं: उबुंटूची बूट फोल्डरमधली कॉन्फिग फाइल तशीच उचललेली असते. तिच्यात मॉडव्हर्जन्स (मॉड्यूल आणि कर्नल जुळतात का ते तपासणारा पर्याय) चालू असतं, आणि ६.१४च्या आधी ते आणि रस्ट एकत्र चालतच नव्हते. ६.१४पासून चालतात, पण जेनड्वार्फकेसिम्स हा पर्याय निवडावा लागतो. मेन्यूत तिरकी रेघ दाबून रस्ट शोधा; कुठली अट पुरी होत नाही ते खाली दिसेल. शिकण्यापुरतं डिफकॉन्फिग या कर्नलच्या मूळ कॉन्फिगपासून सुरू करा आणि क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये बूट करा.

सॅम्पल कोडमधलं ‘रस्ट मिनिमल’ मॉड्यूल पहिल्यांदा चालवा. ते ७२, १०८ आणि २०० हे तीन आकडे एका व्हेक्टरमध्ये टाकतं आणि मॉड्यूल काढताना कर्नलच्या लॉगमध्ये (डीमेसेज) छापतं. बघण्यासारखी आहे ती पुश करणारी ओळ. नेहमीच्या रस्टमध्ये पुशला एकच आर्ग्युमेंट असतं. इथे दुसरं जीएफपी-कर्नल (मेमरी कशी मागायची ते सांगणारा फ्लॅग) आहे आणि ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह. मेमरी मिळाली नाही तर साधा प्रोग्राम मेला तरी चालतं, कर्नलला ती चैन परवडत नाही. म्हणून प्रत्येक ॲलोकेशन अपयशी होऊ शकतं असं धरून एरर वर पाठवावी लागते. एरर आली की प्रोग्राम तिथेच पाडणारं अनरॅप तर विसराच. आणखी एक: स्पिनलॉक (जो धरून झोपायला मनाई असते असं कुलूप) धरलेला असताना जीएफपी-कर्नल दिलंत तर कोड मेमरीची वाट बघत झोपू शकतो, आणि ही चूक रस्टचा कंपायलर पकडत नाही. ‘रस्टमध्ये कंपाइल झालं म्हणजे झालं’ ही समजूत इथे महागात पडते. कर्नलचं लॉकिंग सीमधूनच नीट शिकलेलं असावं, हे आमचं ठाम मत.

ड्रायव्हरने सीची फंक्शनं थेट बोलवायची नसतात. ‘रस्ट/कर्नल’ फोल्डरमध्ये त्यांच्यावर सुरक्षित वेष्टन लिहायचं आणि ड्रायव्हरने ते वापरायचं. अनसेफ (कंपायलर सगळं तपासत नाही अशा) ब्लॉकच्या वर सेफ्टीची कॉमेंट लागते. ‘पॉइंटर वैध आहे’ असं लिहिलंत तर रिव्ह्यूत परत येणार. तो का वैध आहे ते हवं: रेफरन्स काउंट कोणाच्या हातात आहे, लॉक कोणी धरलाय, ऑब्जेक्ट कधी मोकळा होतो.

वेष्टन घालायचं तर ते वापरणारा ड्रायव्हरही दाखवावा लागतो. नुसतं वेष्टन सहसा घेत नाहीत. त्या सबसिस्टिमच्या सी-मेंटेनरशी आधी बोला. फेब्रुवारी २०२५मध्ये डीएमएच्या (हार्डवेअरने थेट मेमरी वापरण्याच्या) वेष्टनावरून वाद पेटला, तेव्हा लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स यांनी भूमिका मांडली की कोणावर रस्टची सक्ती नाही, पण आपला सीचा इंटरफेस रस्टने वापरू नये असंही कोणी म्हणू शकत नाही. तात्त्विक प्रश्न त्याने मिटला असेल, तुमचा पॅच, म्हणजे पाठवलेला बदल, मात्र माणसंच वाचणार आहेत.

कर्नल जड वाटत असेल तर यूयूटिल्सचं कोअरयूटिल्स बघा, त्यात जीएनयूच्या नेहमीच्या कमांड रस्टमध्ये पुन्हा लिहिल्या आहेत. तिथे जीएनयूच्या टेस्ट चालवून कुठली नापास होते ते घ्यायचं. अट एकच: जीएनयूचा सोर्स उघडायचा नाही, कारण तो जीपीएल आहे आणि हा प्रकल्प एमआयटी लायसन्सचा. वागणं हुबेहूब जुळवणं किती अवघड ते उबुंटू २५.१०मध्ये दिसलं. ‘डेट’ कमांडचा वजा-आर हा पर्याय फाइलची वेळ देण्याऐवजी चालू वेळ देत होता आणि त्यामुळे आपोआप होणारे अपडेट थांबले. मेमरी सेफ्टीचा इथे काही संबंधच नव्हता.

हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात नोकरीला असाल तर पॅच पाठवण्याआधी ऑफर लेटरमधलं बौद्धिक संपदेचं कलम वाचा. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ म्हणजे हा कोड द्यायचा मला अधिकार आहे, अशी हमी असते. मॅनेजरची परवानगी ईमेलवर घ्या, चहाच्या टपरीवरची धरू नका. ऑफिसच्या मेलमधून पॅच पाठवू नका. खाली गोपनीयतेची तळटीप चिकटते. जीमेलचं वेबपान टॅबच्या जागी स्पेस घालतं, म्हणून गिटच्या सेंड-ईमेलनेच पाठवा, त्यासाठी ॲप पासवर्ड काढावा लागतो. त्याआधी चेकपॅच, रस्टएफएमटी आणि क्लिपी ही कोड तपासणारी साधनं चालवा. कोणाला पाठवायचं ते गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगते.

उत्तर आलं की ज्या ओळीवर शेरा आहे तिच्याखालीच लिहा. दुसऱ्या आवृत्तीत काय बदललं ते पॅचमधल्या तीन डॅशच्या खाली टाका, म्हणजे ते कमिटमध्ये जात नाही. मर्ज विंडो (पुढच्या आवृत्तीसाठी बदल घेण्याचा काळ) उघडी असते त्या दोन आठवड्यांत नव्या कामाकडे बघायला बहुतेकांना सवड नसते. तेवढ्यात आठवण करून देऊ नका.