शाळेत नाटक बसवताय? या चुका टाळा

आपल्याकडच्या बहुतेक शाळांत नाटकाला वेळापत्रकात जागाच नसते. गॅदरिंग तोंडावर आलं की मराठीच्या बाईंना निरोप येतो, ‘एखादं नाटक बसवा’. पैसे नाहीत, हॉल नाही, हे सगळं खरंच आहे. तरी अशी नाटकं फसतात ती बहुधा संहिता निवडतानाच.

नेहमीची चूक म्हणजे राजदरबार. बारा पात्रं, सिंहासन, भाड्याचे पोशाख. होते नव्हते ते पैसे भाड्यात जातात, आणि एक प्रधानजी तापाने घरी राहिला की अख्खी तालीम बंद. त्यापेक्षा नाट्यछटा घ्या. दिवाकरांनी १९११ पासून हा प्रकार मराठीत रुजवला. ते स्वतः पुण्यात शाळामास्तर होते. नाट्यछटेत समोर कुणी आहे असं धरून एकच पात्र बोलतं. नेपथ्य लागत नाही, काही मिनिटांत खेळ संपतो. चार-पाच नाट्यछटा एका सूत्रधाराने जोडल्या की छान कार्यक्रम होतो. शिवाय प्रत्येक मूल आपापली तालीम करतं, कुणी कुणासाठी अडत नाही. भाषा जुनी आहे, थोडी समजावून द्यावी लागते. तेवढे कष्ट घ्या.

दुसरी चूक तासांची. विज्ञानाचा तास मागायला गेलात तर हेडसर ‘पोर्शन राहील’ म्हणणारच, आणि त्यांचंही खोटं नसतं. ऑफ तास आणि मधली सुट्टी यांतच तालीम बसवा. भूमिका वाटण्याआधी कोण कोणत्या एसटीने घरी जातं ते विचारून घ्या.

आवाज पोचत नाही? मग ‘मोठ्याने बोल’ हे ओरडणं आधी थांबवा. मुलं हळू बोलतात असं नाही, ती वाक्याचा शेवट गिळतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘जाणार’ की ‘जाणार नाही’ हेच मागच्या रांगेला कळत नाही. मैदानावर तालीम घ्या, एकाला लांब उभं करा आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द त्याच्याकडून वदवून घ्या. एकुलत्या एक माईकभोवती सगळी पात्रं गोळा होत असतील, तर तो सूत्रधाराला देऊन टाका. संवाद आधी रेकॉर्ड करून मुलांना नुसते ओठ हलवायला लावतात, ते मात्र करू नका. त्याला नाटक म्हणवत नाही.

नव्या लेखकाची संहिता घेतलीत, तर परवानगीचं काम शेवटावर ठेवू नका. प्रयोग शाळेचाच, शिक्षक-विद्यार्थ्यांनीच केलेला आणि प्रेक्षकही शाळेतले व पालकच असतील, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. बाहेरच्या स्पर्धेत तेच नाटक न्यायचं तर लेखकाची लेखी परवानगी हवी. दिवाकर १९३१ मध्ये गेले, लेखकामागे साठ वर्षांची मुदत केव्हाच संपली, म्हणून तिथे कुणाला विचारावं लागत नाही.