आयएल-६ची एलायझा: आकडा कुठे चुकतो

इंटरल्यूकिन-६ (आयएल-६) हे दाहाचा निरोप पेशींना देणारं प्रथिन, आणि एलायझा ही अँटिबॉडी आणि रंग वापरून ते रक्तात मोजायची चाचणी. हे प्रथिन आधी पेशीवरच्या आयएल-६ रिसेप्टरला चिकटतं. पण या रिसेप्टरची पेशीच्या आतली शेपटी आखूड, तिच्यातून निरोप आत जात नाही. ही जोडी पेशीवरच्या जीपी१३० या दुसऱ्या प्रथिनाला धरते तेव्हा कुठे जॅक एन्झाइमं जागी होतात आणि स्टॅट३ या प्रथिनाला फॉस्फेट लागतो. स्टॅट३ केंद्रकात शिरलं की यकृताची पेशी सीआरपी (दाहात वाढणारं प्रथिन) बनवायला लागते. जीपी१३० जवळपास सगळ्या पेशींवर असतं. आयएल-६ रिसेप्टर मात्र यकृत, काही पांढऱ्या पेशी अशा मोजक्याच ठिकाणी. त्याचा बाहेरचा तुकडा कापला जाऊन रक्तातही फिरतो आणि आयएल-६ला धरून ठेवतो. म्हणून किट (चाचणीचा तयार संच) फक्त मोकळं आयएल-६ मोजतं की बांधलेलंही, हे माहितीपत्रकात आधी पाहावं.

बहुतेक चुका प्लेट उघडायच्या आधीच झालेल्या असतात. निरोगी माणसात हा आकडा मिलिलिटरला काही पिकोग्रॅम एवढाच. रक्त टेबलावर पडून राहिलं तर नळीतल्या पेशीच आयएल-६ सोडू शकतात. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली नळी घ्या, तासाभरात सेंट्रिफ्यूज करा, प्लाझ्मा छोट्या भागांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा. एक भाग एकदाच वितळवायचा.

स्टँडर्ड (आयएल-६चं प्रमाण आधीच माहीत असलेलं द्रावण) मिलिलिटरला ३०० पिकोग्रॅमचा असेल तर निम्मा-निम्मा करत सहा पायऱ्यांत ४.७वर येतो. दर पायरीला पिपेटचं टिप बदला आणि नीट मिसळा. इथली चूक खालपर्यंत वाहत जाते. स्टँडर्ड, ब्लँक (आयएल-६ नसलेलं द्रावण) आणि नमुना, सगळं प्लेटच्या दोन-दोन वेलमध्ये (खळग्यांत). नमुन्यानंतर बायोटिनवाली अँटिबॉडी, मग स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी (बायोटिनला चिकटणारं, रंग आणणारं एन्झाइम), वेळा किटप्रमाणे. प्रत्येक टप्प्यानंतर वेलला ३०० मायक्रोलिटर बफर घालून चार-पाच वेळा धुवा आणि प्लेट उलटी करून टिश्यूवर आपटा. आपटायला लाजू नका, ब्लँक निळा होतो तो बहुधा इथल्याच कंटाळ्यामुळे. पण वेल कोरडे पडू देऊ नका.

टीएमबी (एचआरपीमुळे निळं होणारं रसायन) घातल्यावर अंधारात ठेवा. निळा रंग आला की आम्ल घाला, तो पिवळा होतो. लगेच ४५० नॅनोमीटरवर वाचा. रंगच आला नाही तर बफरमध्ये सोडियम अझाइड आहे का ते बघा, ते एचआरपीला मारतं. आकडा अवाजवी मोठा वाटला तर नमुना दुप्पट, चौपट पातळ करून पुन्हा लावा. त्या प्रमाणात उतरला नाही, तर संधिवाताचा ऱ्हुमेटॉइड फॅक्टर दोन्ही अँटिबॉडींना (प्लेटवर आधीच चिकटवलेली आणि बायोटिनवाली) जोडून खोटा रंग देत असण्याची शक्यता धरा.

रुग्णाला टोसिलिझुमॅब दिलंय का, हे नमुन्याच्या चिठ्ठीवर हवंच. हे औषध रिसेप्टरच अडवतं. रिसेप्टरमार्फत होणारा आयएल-६चा निचरा थांबतो, त्यामुळे रक्तातला आकडा चढतो आणि सीआरपी मात्र पडतं. चढलेला आकडा म्हणजे आजार बळावला असं नाही. आणि खाली गेलेल्या सीआरपीवर विसंबून जंतुसंसर्ग नाही, असंही म्हणता येत नाही.