सोयाबीनची पट्टी आली की आधी गृहकर्जात भरा

पहिली काही वर्षं हप्ता बहुतेक व्याजातच जातो. २० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता साधारण १७,३५६ रुपये. पहिल्याच महिन्यात त्यातले १४,१६७ व्याजाचे!

आमच्याकडं लातूरच्या आडतीवरून दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीतले गावाकडच्या वाट्याचे पैसे येतात. त्यातून वर्षाला एक जादा हप्ता भरायचा. वरचंच कर्ज तेवढ्यानं तीन वर्षांहून जास्त आधी फिटतं.

१. पैसे भरताना शाखेत लेखी अर्ज द्या: ‘रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी.’ हे लिहिलं नाही तर कधी हप्ता कमी करून देतात. बरं वाटतं, पण बचत फारशी होत नाही. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्याच.

२. आठवड्यानं खातेउतारा काढून मुद्दल खरंच उतरलं का ते बघा. माझे पैसे एकदा ‘आगाऊ हप्ता’ म्हणून नुसते पडून होते.

व्याजदर बदलता असेल तर वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. स्थिर दर असेल तर आधी विचारा.