आरएक्स-येझदी वारंवार सीझ होते? जेट बदलण्याआधी या चुका टाळा

जुनी टू-स्ट्रोक हातात आली की नव्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मेन जेट कितीचा टाकू?" जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक. माझं उत्तरही ठरलेलं असतं. कंपनीने दिला होता तोच. आरएक्स 100 आपल्याकडे 1985 ला आली आणि 1996 ला बंद झाली. म्हैसूरची येझदीही 1996 लाच थांबली. म्हणजे यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता 30 वर्षांची. कंपनीने जेट चुकीचा दिला नव्हता. मधल्या काळात दुसरं काहीतरी बिघडलंय, आणि ते बहुतेक वेळा रबराचं असतं.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची बंद जागा, हाच पंप आहे. पिस्टन वर जाताना खाली व्हॅक्युम तयार होतो आणि मिक्श्चर आत ओढलं जातं. क्रँकचं ऑइल सील (शाफ्टभोवतीची रबरी कडी) कडक झालं असेल, कार्बोरेटरमागचं रबर चिरलं असेल किंवा ब्लॉकखालचं पॅकिंग नीट बसलं नसेल, तर त्या फटीतूनही हवा आत जाते. ती हवा कार्बोरेटरला कळतच नाही. मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पिस्टन तापून फुगतो आणि बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीला, धरतो. हेच सीझ होणं.

साताऱ्याकडच्या एका मुलाने काकांची आरएक्स बाहेर काढली. बोअर घासून मोठा केला, नवा पिस्टन टाकला, रनिंग (नव्या पिस्टनचे सुरुवातीचे जपून चालवायचे किलोमीटर) संपायच्या आत गाडी सीझ. गॅरेजवाल्याने मेन जेट दोन नंबरनी वाढवला आणि पुढच्या साइझचा बोअर मारला. आता गाडी धूर ओके, प्लग काळाकुट्ट, आणि हायवेवर एका लयीत साठने चालवली की पुन्हा धरली. खंबाटकीच्या अलीकडे मागचं चाक लॉक झालं. क्लच वेळेत दाबला गेला म्हणून पोरगा उभा राहिला. त्यावर त्याला आणखी मोठा जेट सुचवण्यात आला.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी काही खोललं नाही. गरम केली, रेस करून अ‍ॅक्सिलरेटर सोडला. इंजिन लगेच खाली येईना. वरच रेंगाळलं आणि मग हळूहळू बसलं. ही हवेची खूण आहे. मॅग्नेटचं (क्रँकच्या टोकावरच्या, वीज बनवणाऱ्या चाकाचं) कव्हर काढलं तर कॉइल प्लेटच्या खालच्या कडेला तेलकट ओल आणि तिच्यावर चिकटलेली धूळ. मग प्रेशर टेस्ट. बीपी मोजायच्या यंत्राचा फुगा आणि गेज मी यासाठीच ठेवलंय. एक्झॉस्टला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून बोल्टने आवळायचा, प्लग जागेवर ठेवायचा, पिस्टन खाली आणायचा आणि हवा कार्बोरेटरच्या रबरातून भरायची. आरएक्सला रीड वॉल्व्ह आहे. तो हवा आत घेतो, उलटी बाहेर सोडत नाही. म्हणून इनटेककडूनच भरली तर रबर आणि रीडचं पॅकिंगही तपासलं जातं. काटा 300 च्या आसपास नेऊन सोडायचा. चांगलं इंजिन काही मिनिटं तो तिथे धरून ठेवतं. या गाडीचा काटा बघता बघता शून्यावर आला. साबणाचं पाणी लावल्यावर मॅग्नेटमागे बुडबुडे.

बाहेर आलेल्या सीलची ओठाची कड नखाने दाबली तर वळण्याऐवजी तुटली. दोन्ही बाजूंची सीलं नवी टाकली, जेट मूळ नंबरचा लावला. गाडी आता चालते. पण ब्लॉकचे दोन ओव्हरसाइझ (बोअर मोठा करायच्या मोजक्या संधी) फुकट गेले, आणि या गाड्यांचे ब्लॉक आता सहज मिळत नाहीत. राग मला त्याचाच येतो.

क्लचकडचं सील गेलं तर लक्षण वेगळं. तिथून हवा नाही, गिअर ऑइल ओढलं जातं. पांढरा धूर थांबत नाही, गिअर ऑइलची पातळी खाली जाते, प्लग ओला. लोक याला "रिंग गेली" म्हणतात आणि पुन्हा बोअर करतात. इंजिन खोललंच आहे तर सीलं टाकूनच बंद करा. नाना पेठेत किंवा कुठेही घ्या, पण पुडक्यावरचं नाव पाहून घ्या. डुप्लिकेट सीलची स्प्रिंग हातातच निसटते.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक ऑइलची. "थोडं जास्तच घातलं, इंजिन सेफ राहील." नाही राहत. जेटमधून ठरावीक द्रव जातो. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी होतं, शिवाय मिश्रण घट्ट होतं. म्हणजे जास्त ऑइल घालून तुम्ही गाडी लीन करता, वर सायलेन्सर कार्बनने भरता. 25 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल म्हणजे लिटरला 40 मिलि, 50 ला 1 म्हणजे 20. येझदीला मी चांगलं टू-टी ऑइल लिटरला 40 मिलि घालतो, मापाच्या बाटलीने, आणि टाकीत ओतण्याआधी डब्यात हलवून घेतो. अंदाजपंचे धार सोडणाऱ्यांचं मला नवल वाटतं. फोर-स्ट्रोकचं 20W40 तर अजिबात नको. ते जळण्यासाठी बनवलेलंच नाही. आरएक्सचा ऑइल पंप काढून टाकायची फॅशनही मला पटत नाही. पंप वेगानुसार आणि अ‍ॅक्सिलरेटरनुसार मोजून ऑइल देतो. त्याची केबल खुणेवर आहे का आणि पाइपात हवेचा बुडबुडा अडकलाय का, एवढं बघितलं तर तो बरीच वर्षं साथ देतो.

सायलेन्सरच्या आतली पुंगळी काढू नका. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर परतणाऱ्या लाटेने ताजं मिक्श्चर बोअरमध्ये मागे ढकलतो. तो आवाजासाठी कापला की ताकद जाते.

मॅग्नेट पुलरनेच काढा. छिन्नी-हातोडीने क्रँक वाकतो.

पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगांची तोंडं पिस्टनच्या खाचेतल्या पिनांवर. बोअर केल्यावर पोर्टच्या (बोअरमधल्या खिडक्यांच्या) धारदार कडा हलक्या हाताने मारून घ्यायला लेथवाल्याला सांगा, आणि झालंय का ते बोट फिरवून बघा.

प्लगचा रंग स्लोवर बघून काही कळत नाही. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर थोडं अंतर चालवा, तिथेच इग्निशन बंद करून क्लच दाबा, मग प्लग काढा.

रनिंगमध्ये एका लयीत चालवू नका, वेग कमी-जास्त करत राहा. ज्याला पहिल्याच रविवारी लोणावळा गाठायचंय त्याने दुसरी गाडी न्यावी.

घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर बंद आणि गाडी गिअरमध्ये, ही सवय सोडा. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायच्या गाडीत पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि इंजिन मात्र जोरात फिरतंय. आंबोली किंवा वरंध उतरताना मी अधूनमधून क्लच दाबून एक रेस देतो.

आता पेट्रोलबद्दल. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल स्वतः ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे मिक्श्चर थोडं लीन होतं. मेन जेट एखाद्या नंबरने वाढवायला एवढं एक रास्त कारण आज आहे, तेही प्रेशर टेस्ट झाल्यावर. जुने पेट्रोल पाइप आणि कॉकची रबरं फुगतात, ती बदला. इथेनॉल दमटपणा ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर कार्बोरेटरखालचा फ्लोटचा बाऊल खोलून रिकामा करा. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची पद्धत बऱ्याच जणांची आहे. मी ती करत नाही, कारण शेवटचा अर्धा मिनिट इंजिन लीनच चालतं.