जंगलातून परतल्यावर गोचीड कशी शोधावी, कशी काढावी आणि पुढे कशावर लक्ष ठेवावं

गोचीड चावते तेव्हा दुखत नाही. तिच्या लाळेत त्वचा बधिर करणारे आणि रक्त गोठू न देणारे घटक असतात. त्यामुळे ती काखेत किंवा गुडघ्यामागे दिवसभर रक्त पीत बसली तरी माणसाला पत्ता लागत नाही. कर्जतहून किंवा कसाऱ्याहून लोकल पकडायची, घरी येऊन आंघोळ उरकायची आणि आडवं व्हायचं, हा मुंबईच्या ट्रेकरचा रविवार. त्यात दहा मिनिटांची एक तपासणी बसवा आणि चावल्याची तारीख लिहून ठेवा, एवढंच या लेखातून मला सांगायचं आहे. बाकीचा तपशील हे दोन्ही नीट जमावं यासाठी आहे.

आधी भीती कशाची बाळगायची ते ठरवू

गोचिडीबद्दल इंटरनेटवर शोधलं की पहिल्यांदा लाइम आजाराची माहिती समोर येते, कारण त्यावर सगळ्यात जास्त लिहिलं गेलं आहे ते अमेरिकेत आणि युरोपात. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातलं लाइम हे गाव. 1970 च्या दशकात तिथल्या मुलांच्या गुडघेसुजीचा शोध घेताना हा आजार वेगळा म्हणून ओळखला गेला. त्याचा जिवाणू 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला विली बर्गडॉर्फर यांना सापडला, म्हणून त्याचं नाव बोरेलिया बर्गडॉर्फेरी. तो पसरवणाऱ्या इक्झोडीस जातीच्या गोचिडी थंड, दमट जंगलांत राहतात. तिकडे शिकारीला जाणाऱ्यांना हंगामाआधी याच्या सूचना दिल्या जातात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, पण रानात पाय ठेवणारे कमी नाहीत: ट्रेकर, पक्षीनिरीक्षक, फुलपाखरांचे फोटो काढणारे, वनरक्षक, लाकूडफाटा आणायला जाणाऱ्या बायका, गुराखी.

भारतात लाइमच्या तुरळक नोंदी हिमालयातली राज्यं, ईशान्य भारत आणि केरळातलं वायनाड इथून आल्या आहेत. मुंबईकर ज्या रानात फिरतो तिथे मात्र गोचिडीमुळे होणारे दुसरे दोन आजार जास्त महत्त्वाचे आहेत. पहिला, रिकेट्सिया जिवाणूमुळे येणारा पुरळाचा ताप, ज्याला डॉक्टर इंडियन टिक टायफस म्हणतात. दुसरा माकडताप, म्हणजेच क्यासनूर जंगलाचा आजार. हा 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा भागात सापडला आणि 2016 पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले आहेत. तिलारी, दोडामार्ग भागात डिसेंबर ते मे या काळात जाणार असाल तर हे नाव लक्षात ठेवाच. काजू गोळा करायचा हंगामही नेमका तेव्हाच असतो, त्यामुळे बागेत काम करणाऱ्यांना धोका सर्वांत जास्त.

स्क्रब टायफस हा आणखी एक ताप याच यादीत येतो, पण तो गोचिडीमुळे होत नाही. झुडपांतल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या तांबड्या किड्यांच्या पिल्लांमुळे होतो. लक्षणं आणि उपचार बरेचसे इंडियन टिक टायफससारखे असल्याने पुढची काळजी त्यालाही लागू पडते.

निघण्याआधी

गोचीड उडत नाही, उडीही मारत नाही. गवताच्या पात्याच्या किंवा झुडपाच्या टोकाशी पुढचे पाय पसरून ती वाट बघते आणि अंग घासलं की कपड्याला धरते. मग वर सरकत जाते, मऊ आणि झाकलेली जागा शोधते. म्हणून बंदोबस्त पायापासून सुरू होतो. लांब पॅंट घाला, तिचे पाय मोज्यांत खोचा, शर्ट पॅंटमध्ये खोचा. फोटोत बरं दिसत नाही हे मान्य, पण या एका गोष्टीने गोचिडीला कातडीपर्यंत पोचायला लांबचा फेरा पडतो आणि तेवढ्या वेळात ती दिसते. कपडे फिकट रंगाचे असले तर आणखी सोपं. शॉर्ट्स घालून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या मांडीभर गवतातून जाणं टाळा. भीमाशंकरच्या पदरातलं जंगल असो की येऊरची वाट, गवत वाढलेलं असतं आणि गुरं चरून गेलेली असतात.

उघड्या त्वचेवर डीट हा घटक 20 ते 30 टक्के असलेलं लोशन किंवा फवारा लावा. दुकानात डासांसाठी मिळणाऱ्या सगळ्याच क्रीममध्ये तो असतो असं नाही, किंवा कमी असतो, म्हणून वेष्टनावरचा मजकूर वाचा. लहान मुलांसाठी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि त्यांच्या तळहातांना, डोळ्यांजवळ लावू नका. कपड्यांसाठी 0.5 टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेला खास फवारा मिळाला तर उत्तम. तो फक्त कपड्यांवर, बुटांवर आणि सॅकवर मारायचा, कातडीवर कधीच नाही, आणि सुकल्यावरच घालायचं. घरात मांजर असेल तर ओला फवारा तिच्यापासून लांब ठेवा; परमेथ्रिन मांजरांना विषारी असतं. एक कळकळीची विनंती: गोठ्यात जनावरांच्या अंगावरच्या गोचिडींसाठी वापरतात ते औषध स्वस्त पडतं म्हणून स्वतःच्या कपड्यांवर मारू नका. ते माणसाच्या अंगासाठी बनवलेलं नाही.

सॅकमध्ये बारीक टोकाचा चिमटा, पारदर्शक चिकटपट्टी, साबणाचा तुकडा आणि एक पेन टाका. भुवया कोरायचा रुंद टोकाचा चिमटा चालून जातो, पण टोकदार असला तर काम स्वच्छ होतं.

वाटेवर

मळलेल्या वाटेच्या मधून चाला. गुरांच्या वाटा, धनगरवाड्यांच्या आसपासची कुंपणं, गोठ्याच्या भिंती, पाचोळ्याने भरलेल्या कडा या जागी गोचिडी जास्त असतात, कारण तिथे जनावरं थांबतात. जेवायला बसायचं तर उघडा कातळ निवडा, गवतावर थेट बसू किंवा लोळू नका. सॅक झुडपात टेकवून ठेवणं ही फार सर्रास दिसणारी सवय आहे. नंतर तीच पाठीला लागते. दर विश्रांतीला एकमेकांच्या पॅंटच्या पायांवर आणि पाठीवर नजर टाका. कपड्यावर रेंगाळणारी गोचीड चिकटपट्टीने उचलली की संपलं.

मेलेलं माकड दिसलं, विशेषतः सिंधुदुर्गात किंवा कर्नाटकाच्या सीमेकडे, तर जवळ जाऊ नका आणि हात लावू नका. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी नवी शिकार शोधत आसपास पसरतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा वन विभागाला कळवा.

परतल्यावरची दहा मिनिटं

घरात शिरल्यावर कपडे पलंगावर किंवा सोफ्यावर टाकू नका. घरी कपडे वाळवायचं यंत्र असेल तर कपडे ओले करण्याआधीच जास्त उष्णतेवर दहा मिनिटं फिरवा. गोचीड कोरड्या उष्णतेने मरते, साध्या पाण्यात टिकून राहते. यंत्र नसेल, बहुतेकांकडे नसतंच, तर कपडे कडकडीत गरम पाण्यात भिजवा आणि नंतर कडक उन्हात टाका. सॅक खिडकीत झटकू नका, खालच्या माणसाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं ते. न्हाणीघरात उलटी करून झटका.

मग परतल्यापासून दोन तासांच्या आत आंघोळ, आणि आंघोळीतच तपासणी. वरून खाली जा: केसांच्या मुळाशी, कानांच्या मागे आणि आत, मानेवर, काखेत, बायकांनी छातीखाली, बेंबीत, कमरेला इलास्टिक दाबतं त्या रेषेत, जांघेत, गुडघ्यामागे, पायाच्या बोटांमध्ये. आरसा लागेल किंवा घरच्या माणसाची मदत. नुसतं बघू नका, बोटांनी चाचपा. नुकत्या बाहेर पडलेल्या पिल्लाला सहा पाय असतात आणि ते एक मिलिमीटरपेक्षा लहान असतं. त्याच्या पुढची अवस्था एक-दोन मिलिमीटरची, साधारण खसखशीच्या दाण्याएवढी. माणसांना होणाऱ्या पुष्कळ संसर्गांमागे हीच मधली अवस्था असते. कालपर्यंत अंगावर नसलेला काळा तीळ आज हाताला लागला, तर नीट पाहा, त्याला पाय असू शकतात.

लहान मुलांची तपासणी मोठ्यांनी करावी. ती सांगत नाहीत, आणि टाळूवर त्यांना चिकटलेली गोचीड केसांत लपते.

चिकटलेली काढायची कशी

चिमट्याचं टोक कातडीला जितकं टेकवता येईल तितकं टेकवा आणि गोचिडीला तोंडाशी धरा, फुगलेल्या पोटाला नाही. पोट दाबलं तर आतला ऐवज जखमेत ढकलला जाण्याची भीती असते. मग न झटकता, न पिळता, सरळ वर एकसारखा ताण द्या. काही सेकंद धीर धरावा लागतो, ती सोडते. चिमटा नसेल तर बारीक सुती दोऱ्याचा फास कातडीलगत तिच्या तोंडाभोवती घालून तो हळूहळू वर ओढता येतो. काही मिळालं नाही तर टिश्यूपेपर किंवा कापड गुंडाळून बोटांनी काढा. उद्यापर्यंत ठेवण्यापेक्षा ते बरं.

रॉकेल, मीठ, तंबाखूचं पाणी, चुना, नेलपॉलिश, व्हॅसलिन, पेटती काडी: गावातही आणि शहरातही हे उपाय सांगणारे भेटतात. प्रेमाने सांगतात, पण ऐकू नका. अशा छळाने गोचीड सुटायला वेळ लागतो, आणि त्या वेळात ती जास्त लाळ किंवा पोटातला द्रव जखमेत सोडू शकते. काडीने तर कातडीही भाजते.

तोंडाचा तुकडा आत राहिला आणि तो सहज निघत नसेल तर सुईने कोरत बसू नका, कातडी आपोआप बाहेर टाकते. जागा आणि हात साबणाने धुवा, मग स्पिरिट किंवा पोव्हिडोन आयोडीन लावा. काढलेली गोचीड नखाने चिरडायची नाही. तिला चिकटपट्टीत बंद करा, वर तारीख, ठिकाण आणि शरीरावरची जागा लिहा, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. पुढे ताप आला तर हा फोटो डॉक्टरांना उपयोगी पडतो.

लाइमचा जिवाणू शरीरात जायला गोचीड साधारणपणे 24 तासांपेक्षा जास्त चिकटून राहावी लागते, म्हणून त्याच संध्याकाळी काढली तर धोका खूप कमी होतो. रिकेट्सिया त्यापेक्षा लवकर जाऊ शकतो. त्यामुळे गोचीड लवकर काढली तरी पुढचं लक्ष सोडायचं नाही.

पुढचे 30 दिवस

चावल्या जागी पहिल्या एक-दोन दिवसांत खाजरी लाल गाठ येते. ती बहुतेकदा लाळेची ॲलर्जी असते आणि ओसरते. काळजी करायची ती पुढच्या गोष्टींची: ताप, जोराची डोकेदुखी, अंगदुखी, तळहात-तळपायांपर्यंत पसरणारा पुरळ, किंवा चावल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली. खपली काखेत, जांघेत किंवा केसांत लपलेली असू शकते, म्हणून ताप आला की पुन्हा एकदा शोधा. माकडतापाची लक्षणं चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत एकदम सुरू होतात: थंडी वाजून ताप, डोकं फुटेल असं दुखणं, उलट्या, आणि काहींना नाका-हिरड्यांतून रक्त. त्यात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. रुग्णाला दाखल करून सांभाळणं हाच उपचार आहे.

मुंबईत ताप आला की डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोची तपासणी होते, आणि ते योग्यच आहे. पण तिन्ही नकारात्मक आले आणि डॉक्टरांना ट्रेक माहीतच नसला, तर गोचीड त्यांच्या मनात येणार कुठून? म्हणून पहिल्याच भेटीत सांगा: "अमुक तारखेला जंगलात होतो, गोचीड चावली होती" किंवा "चावली असावी, दिसली नाही." रिकेट्सियाची रक्ततपासणी पहिल्या दिवसांत खोटी नकारात्मक येऊ शकते, त्यामुळे डॉक्टर नुसत्या संशयावर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू करतात. वेळेत सुरू झालं तर हे औषध या तापावर फार चांगलं काम करतं. उशीर झाला तर ताप मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू यांपर्यंत जातो. उरलेल्या गोळ्या शोधून स्वतःहून मात्र घेऊ नका. मुंबईत संसर्गजन्य आजारांसाठी चिंचपोकळीचं कस्तुरबा रुग्णालय आहे, केईएमसारखी मोठी रुग्णालयंही आहेत.

मुलाकडे अमेरिकेला किंवा युरोपला जाणाऱ्यांसाठी

न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कनेटिकट, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत मुंबईकरांची मुलं-नातवंडं मोठ्या संख्येने आहेत. आई-बाबा जातात मे ते ऑगस्टमध्ये, आणि खसखशीएवढ्या गोचिडींचा तिथला हंगाम मे ते जुलै. घरामागचं गवत, कुंपणालगतचा पाचोळा आणि बागेतली पायवाट पुरेशी होते, डोंगर चढायची गरज नाही. तिथेही वरची तपासणी रोज करा.

लाइमचा चट्टा 3 ते 30 दिवसांत उमटतो, हळूहळू मोठा होत जातो, बहुधा दुखत किंवा खाजत नाही. पुस्तकातल्या फोटोत तो गोऱ्या कातडीवर तांबडा, मध्ये फिकट असा दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो जांभळट, तपकिरी किंवा मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो, मधला फिकट भाग नसतोही, आणि त्यामुळे तो निसटतो. प्रत्येकाला चट्टा उठतोच असंही नाही. उपचार राहिला तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, गुडघा सुजणं, हृदयाचे ठोके मंदावणं असे त्रास होतात. सुरुवातीची रक्ततपासणी यातही नकारात्मक येऊ शकते, म्हणून चट्टा पाहूनच औषध देतात. तिथे गोचीड बराच काळ चिकटलेली सापडली तर 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. काही वेळा ते डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देतात.

मुंबईला परतल्यावर 30 दिवस मोजायचे ते तिकडच्या शेवटच्या दिवसापासून. या काळात ताप किंवा चट्टा आला तर इथल्या डॉक्टरांना राज्याचं नाव आणि तारखा सांगा, चट्ट्याचा फोटो रोज एकदा त्याच उजेडात काढा, आणि लाइमची शंका आहे का, असं स्वतःहून विचारा.